विनंती-संपीडन

ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाणारा मजकूर (भरलेला फॉर्म, जेसन स्वरूपातील नोंदी, फाइल) पाठवण्यापूर्वी आकाराने लहान करण्याची पद्धत. सर्व्हरने पाने संपीडित करून पाठवणे ही याची उलट दिशा सर्वत्र रूढ असल्याने येथे तिचा विचार केलेला नाही.

या पद्धतीचा आरंभ दोन प्रकारे सांगता येतो. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाचे नियम; ते आरएफसी या क्रमांकित दस्तऐवजांत नोंदलेले असतात. मे १९९६ मधील आरएफसी १९४५ या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ‘कंटेंट-एन्कोडिंग’ (मजकूर कोणत्या रीतीने संपीडित आहे ते सांगणारे) हे क्षेत्र आढळते आणि ते केवळ उत्तरापुरते मर्यादित नाही. १९९७ च्या १.१ आवृत्तीतही ते आहे. तेव्हा मुभा जुनीच. मात्र मुभा म्हणजे वहिवाट नव्हे. उत्तराच्या बाबतीत ब्राउझर ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ या क्षेत्रातून आपल्याला काय उलगडता येते ते आधी कळवतो आणि मग सर्व्हर निर्धास्तपणे संपीडन करतो. विनंती हे संभाषणातले पहिलेच वाक्य असल्याने समोरच्याला काय उमगेल हे ब्राउझरला ठाऊक नसते. नोव्हेंबर २०१५ च्या आरएफसी ७६९४ ने ही अडचण दूर केली : सर्व्हरनेही तेच क्षेत्र उत्तरात वापरून आपली क्षमता कळवावी, आणि न समजणारे संपीडन आल्यास ४१५ (‘हे स्वरूप स्वीकारता येत नाही’) हा संकेत देताना ते जोडावे. पद्धत म्हणून आरंभ २०१५ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘डिफ्लेट’ या नावाचा घोळ स्वतंत्रपणे सांगायला हवा. डिफ्लेट ही मुळात फिल कॅट्झ यांची रीत. तिच्यात लेम्पेल व झिव्ह यांची पुनरावृत्ती शोधण्याची १९७७ ची युक्ती आणि हफमन यांची १९५२ ची संकेतरचना एकत्र येतात. एचटीटीपीत मात्र ‘डिफ्लेट’ म्हणजे झेडलिब या स्वरूपाच्या वेष्टनातील (आरंभी व शेवटी ओळख-तपासणीचे बाइट जोडलेले) डिफ्लेट. काही प्रणालींनी हे वेष्टन गाळून नुसता प्रवाह पाठवला. त्यामुळे त्याच नावाखाली दोन स्वरूपे फिरू लागली. व्यवहारात ‘जीझिप’ (डिफ्लेटचेच दुसरे वेष्टन) वापरणेच श्रेयस्कर. तेथे वेष्टनाला किमान १८ बाइट लागतात, झेडलिबला ६. पण संदिग्धता उरत नाही. ब्राउझरमधील ‘कम्प्रेशन स्ट्रीम्स’ या सुविधेने (क्रोम २०२०, सफारी व फायरफॉक्स २०२३) ‘डिफ्लेट’ आणि ‘डिफ्लेट-रॉ’ अशी दोन नावे वेगळी ठेवली, हे योग्यच झाले.

साधा फॉर्म ब्राउझर आपणहून संपीडित करत नाही. पानावरील जावास्क्रिप्टला ते काम करावे लागते. सर्व्हरकडे उलगडण्याची सोय हवी : अपाची या सर्व्हर-प्रणालीत मॉड-डिफ्लेट या घटकाची आवक-गाळणी त्यासाठी मुद्दाम लावावी लागते.

देवनागरी मजकुराला याचा विशेष लाभ होतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामांत मराठीच्या वापरालाही वाव मिळाला, म्हणून हा मुद्दा तेथे महत्त्वाचा. ‘गोवा’ या शब्दात संगणकाच्या लेखी चार वर्णसंकेत आहेत : ग, ओकार, व, काना. यूटीएफ-८ (वर्णसंकेत बाइटांत लिहिण्याची रीत) मध्ये प्रत्येकाला तीन, असे १२ बाइट : २२४ १६४ १५१, २२४ १६५ १३९, २२४ १६४ १८१, २२४ १६४ १९०. पहिला आकडा प्रत्येक वेळी तोच, दुसरा १६४ किंवा १६५. नेहमीच्या फॉर्म-संकेतनात यातील प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो आणि चार संकेतांचा शब्द ३६ बाइट व्यापतो. एखाद्या पंचायतीची दोनशे कुटुंबांची यादी घेतली, तर ‘तालुका सत्तरी, गोवा’ ही ओळ दोनशेदा येते. डिफ्लेट मागील ३२ किलोबाइटांत पाहते आणि पुनरुक्तीच्या जागी केवळ अंतर व लांबी नोंदवते. मोबाइल जोडणीत अपलोडचा वेग बहुधा डाउनलोडहून कमी असतो. काणकोणच्या डोंगरी वाड्यावरून अशी यादी चढवणाऱ्याला हा फरक प्रत्यक्ष जाणवतो.

जेपेग छायाचित्रे आधीच संपीडित असल्याने त्यांवर ही क्रिया व्यर्थ आहे. दोन-चार शब्दांचा फॉर्म वेष्टनामुळे उलट वाढू शकतो.

सुरक्षेच्या दृष्टीने २०१२ चा ‘क्राइम’ हल्ला निर्णायक ठरला. ज्युलियानो रिझो आणि थाय ड्युओंग यांनी दाखवले की, गुप्त कुकी (ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत पाठवतो ती ओळखखूण) आणि हल्लेखोराने निवडलेला मजकूर एकत्र संपीडित झाल्यास केवळ लांबीवरून कुकी ओळखता येते. परिणामी टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारा थर) पातळीवरील संपीडन बंद झाले आणि शीर्षकांसाठी (कुकी व वरील क्षेत्रे ज्यात जातात तो विनंतीचा आरंभीचा भाग) एचपॅक (२०१५) ही वेगळी रीत आली. विनंतीच्या मुख्य भागात गुप्त खूण व परका मजकूर एकत्र न ठेवणे हेच पथ्य. सर्व्हरला दुसराही धोका संभवतो : डिफ्लेटचे गुणोत्तर सुमारे १०३२ पटींपर्यंत जाऊ शकते, म्हणजे एका मेगाबाइटमधून एक गिगाबाइट बाहेर पडू शकतो. म्हणून आकाराची मर्यादा आलेल्या बाइटांवर नव्हे, तर उलगडत असलेल्या मजकुरावर घालावी लागते.