लाल दिवा कोणी द्यायचा?

‘त्यांना लाल दिवा मिळाला’ म्हटलं की माणूस मंत्री झाला किंवा महामंडळावर गेला, हे वेगळं सांगावं लागत नसे. नियमात मात्र लाल दिव्याचा मानापानाशी संबंध नव्हता. अंधारात लाल दिसलं तर गाडी आपल्या पुढे चालली आहे, पांढरं दिसलं तर ती समोरून येते आहे, हे क्षणात कळावं, म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला लाल दिव्याला बंदी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ तो हाच.

मोटारी हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांचाही. १९३९ च्या कायद्यात गाडीची बांधणी आणि साधनं यांचे नियम आधी प्रांत, पुढे राज्यं करत. १९५९ चे मुंबई मोटार वाहन नियम त्याच काळातले. १९८८ च्या कायद्याने हे पालटलं. कलम ११० ने दिवे आणि रिफ्लेक्टर केंद्राकडे गेले. त्याबाहेरचं ते कलम १११ ने राज्यांकडे राहिलं.

तरी नियम १०८ मध्ये एक फट होतीच. ‘उच्चपदस्थां’च्या गाड्यांना लाल दिव्याची सूट होती, आणि हे उच्चपदस्थ कोण, ते केंद्राइतकंच राज्यांनाही ठरवता येई. केंद्राने २००२ आणि २००५ मध्ये आपली यादी काढली. राज्यांच्या याद्या मात्र लांबतच गेल्या. रस्त्यावरच्या इतरांना सावध करण्याचं साधन त्यांना बाजूला सारण्याचं साधन झालं, आणि माझ्या मते खरं नुकसान ते होतं.

१० डिसेंबर २०१३ रोजी अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सिंघवी आणि न्या. नागप्पन यांनी राज्यांना अडवलं : केंद्राने आखलेल्या मर्यादेपलीकडे ‘उच्चपदस्थ’ची व्याप्ती वाढवता येणार नाही, लाल दिवा घटनात्मक पदांपुरताच.

शेवटी केंद्राने स्वतःचाही अधिकार सोडला. १९ एप्रिल २०१७ ला मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि १ मेपासून, नेमक्या महाराष्ट्रदिनी, ती सूटच नियमातून गेली. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या गाड्याही अपवाद राहिल्या नाहीत. अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन अशा तातडीच्या कामांच्या गाड्यांना लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा ठरला. तो कोणाकोणाला दिला, याची यादी राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचनेने लोकांपुढे ठेवायची आहे.