महानगराचा ग्रंथालयीन अभ्यास (नाशिकहून मुंबई)

एखाद्या अवाढव्य शहराचा गॅझेटियर (म्हणजे एखाद्या भागाची सरकारने छापलेली सविस्तर माहिती), जनगणनेचे खंड, संशोधनग्रंथ, नियतकालिकं आणि पीएचडीचे प्रबंध यांच्या आधारे केलेला अभ्यास म्हणजे महानगराचा ग्रंथालयीन अभ्यास. 1 कोटी किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहराला संयुक्त राष्ट्रं मेगासिटी म्हणतात, आणि जगातल्या अशा शहरांपैकी निम्म्याहून जास्त आशियात आहेत. नाशिकमधे बसून हा अभ्यास करायचा तर मुंबई सगळ्यात सोयीची, कारण तिच्यावर मराठीतच दीडशे वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय आणि जे इथे मिळत नाही ते बघायला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून संध्याकाळी परत येता येतं.

पुस्तकं गोळा करायच्या आधी हद्द ठरवावी लागते. हे फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं इथेच घाई होते. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 30,85,411 आहे, उपनगर जिल्ह्याची 93,56,962, दोन्ही मिळून महापालिकेची 1,24,42,373, आणि ठाणे, नवी मुंबई वगैरे धरून नागरी समूह घेतला की आकडा 1 कोटी 84 लाखांच्या आसपास जातो, म्हणजे 'मुंबईची लोकसंख्या' म्हणून यातलं काहीही लिहिलं तरी चूक नाही पण कुठली मुंबई ते सांगितलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. त्यात उपनगर जिल्हा 1990 साली वेगळा झाला, आणि त्याच्या आधी 1950 व 1957 मधे हद्द दोनदा वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, त्यामुळे 1941 ची मुंबई आणि 1961 ची मुंबई शेजारी ठेवून वाढ मोजली तर लोकांबरोबर जमीनही मोजली जाते. जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांच्या यादीतही हेच होतं बघा, 2018 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात टोकियो पहिलं होतं, 2025 मधे जकार्ता पहिलं आणि ढाका दुसरं आलं, कारण या वेळी सगळ्या देशांना हद्द ठरवायची एकच पद्धत लावली. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही म्हणून 2011 नंतरचा मुंबईचा कुठलाही आकडा अंदाज म्हणूनच वाचायचा.

जुने आकडे जास्त बोलके आहेत. 1864 च्या मोजणीत मुंबईत 8,16,562 माणसं, 1872 मधे 6,44,405. आठ वर्षांत दीड लाखाहून जास्त कमी! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, पोटासाठी माणसं लोटली, 1865 ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, गर्दी ओसरली. पुढे 1891 ते 1901 मधे पुन्हा घट दिसते, ती 1896 ला आलेल्या प्लेगची, आणि त्यातूनच 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारण्याचं मंडळ, निघाला. जनगणनेचं टेबल नुसतं उतरवून घेतलं तर यातलं काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक आकड्याच्या बाजूला त्या काळाचं वर्णन ठेवून वाचावं लागतं. एडवर्ड्सच्या देखरेखीखाली 1909-10 मधे निघालेलं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटियर त्यासाठी आहेच, पण ते सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेतलं शहर आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' 1863 चं, म्हणजे नेमकं कापसाच्या तेजीतलं, आणि मराठी माणसाने मराठी वाचकासाठी लिहिलेलं, ते बरोबर घेतलंच पाहिजे. गिरण्यांच्या काळासाठी, विशेषतः 1982 च्या संपासाठी, 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चे त्या वर्षांचे अंक चाळावेत, संप चालू असतानाचं लेखन आणि वीस वर्षांनंतरचं लेखन यात खूप फरक पडतो.

ग्रंथालयात एकाच कपाटात मुंबई सापडत नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीत इतिहास 954 खाली, शहरी समाज 307.76 ला, नगररचना 711, वाहतूक 388, पाणीपुरवठा 628 मधे. कॅटलॉगमधे नुसतं 'मुंबई' शोधून थांबलं की अर्धं राहून जातं, ग्रंथपालांना विषय नीट सांगितला तर काम खूप हलकं होतं.

नाशिकमधे सुरुवात सावानापासून करावी, 1840 चं सार्वजनिक वाचनालय, टिळक पथावरचं. संदर्भग्रंथ साधारण कुठेच घरी देत नाहीत, तिथेच बसून टिपणं काढायची. गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासूनचं, तिथलं ग्रंथालयही बघावं. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, घरबसल्या आणि फुकट उघडते, एखाद्या चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची मिळाली की पुढचा महिनाभराचा रस्ता तयार. मूळ कागदपत्रं मात्र मुंबईतच, काळा घोड्याजवळ राज्य पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधे 1804 ची एशियाटिक सोसायटी, दोन्हीकडे जाण्याआधी परवानगीची चौकशी करून घ्यावी.

नाशिकच्या अभ्यासकाला एक प्रश्न फार जवळचा आहे आणि त्यावर अजून खूप काम व्हायला हवं, तो म्हणजे पाण्याचा. मुंबईने 1860 ला विहार तलाव बांधला, तेव्हा पाणी शहराच्या जवळच होतं, 1892 ला तानसा म्हणजे बरंच लांब, आणि नंतर ऊर्ध्व वैतरणा, ते तर नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरी-त्र्यंबक भागात. वैतरणेचा उगम गोदावरीसारखाच त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात, फक्त ती पश्चिमेला वळते. महापालिकेची हद्द मुलुंडला संपते, पण शहराची तहान घाट चढून इथपर्यंत येते, मग अभ्यासात मुंबई कुठपर्यंत धरायची? त्यासाठी मुंबईच्या कपाटातली पुस्तकं पुरत नाहीत, नाशिक जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर काढून इगतपुरी तालुक्याचं धरणाआधीचं वर्णन बघावं लागतं आणि मग जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांमधे गावागणिक आकडे लावत पुढे यावं लागतं.