फ्रेंच भाषेचे जगभरातले प्रकार

फ्रेंच म्हणायला एक भाषा, पण पॅरिस, माँट्रियल, ब्रसेल्स, आबिजान, किन्शासा अशा ठिकाणी तिचे उच्चार, शब्द आणि थोडंफार व्याकरणसुद्धा बदलतं, त्या सगळ्या रूपांची ही नोंद. हैती, मॉरिशस, रियुनियन, मार्टिनिक इथल्या क्रिओल भाषा यात धरलेल्या नाहीत, कारण त्यांचे शब्द बहुतेक फ्रेंचमधून आलेले असले तरी व्याकरण इतकं वेगळं आहे की आज बहुतेक भाषातज्ज्ञ त्यांना स्वतंत्र भाषाच मानतात (हैतीत १९८७ च्या राज्यघटनेने क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीने ऑफिशियल केलंय). फ्रेंच येणाऱ्यांची एकूण संख्या फ्रँकोफोनीच्या (म्हणजे फ्रेंच वापरणाऱ्या देशांच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये ३२ कोटी १० लाख दिली, पण ती जनगणना नाही, अंदाज आहे, आणि आफ्रिकेपुरता तो बराचसा शिक्षणाच्या आकड्यांवरून बांधलेला असतो म्हणून फार काटेकोर समजू नये. रोज फ्रेंच वापरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक आफ्रिकेतले आहेत हे मात्र साधारणपणे मान्य आहे.

ज्याला आपण स्टँडर्ड फ्रेंच म्हणतो ती मुळात पॅरिस आणि आसपासच्या भागातली, त्यातही दरबारी आणि शिकलेल्या लोकांची बोली. १५३९ च्या व्हिलेर-कॉतरेच्या फर्मानाने कोर्टकचेरीची कागदपत्रं लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये आली, १६३५ मध्ये कार्डिनल रिशल्यूने फ्रेंच अकादमी काढली, तिचा पहिला कोश १६९४ चा आणि नववी आवृत्ती पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. पण कागदावरची फ्रेंच आणि लोकांच्या तोंडची भाषा यांत केवढं अंतर होतं ते १७९४ च्या आबे (म्हणजे पाद्री) ग्रेग्वारच्या अहवालात दिसतं: त्याच्या मते निदान ६० लाख फ्रेंच लोकांना ही भाषा अजिबात येत नव्हती, आणखी ६० लाखांना धड संभाषण करता येत नव्हतं, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नव्हते. हा अहवाल पात्वा (म्हणजे गावोगावच्या बोली) संपवायच्या हेतूने लिहिलेला, तेव्हा आकडे थोडे फुगवलेले असू शकतात, पण चित्र साधारण तसंच असावं. पुढे भाषातज्ज्ञ जिलिएरॉंच्या बोली-नकाशासाठी एदमाँ एदमाँ नावाचा माणूस १८९७ ते १९०१ मध्ये ६३९ ठिकाणी फिरला आणि तरी त्याला भरपूर बोली जिवंत सापडल्या. दक्षिण फ्रान्सचा अ‍ॅक्सेंट आजही वेगळा आहे, शब्दाच्या शेवटी पॅरिसवाले जो स्वर गिळतात तो तिकडे ऐकू येतो, आणि त्यावरून नोकरीत, टीव्हीवर माणसाला डावललं जातं या तक्रारीवर नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने एक विधेयकही पहिल्या वाचनात मंजूर केलं.

क्वेबेक: उगमाचा वाद

फ्रान्सबाहेरच्या प्रकारांत सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या फ्रेंचचा. क्वेबेक शहर शाँप्लॅंने १६०८ मध्ये वसवलं, वस्ती हळूहळू वाढली, नॉर्मंडी, इल-द-फ्रान्स (म्हणजे पॅरिसचा परिसर), प्वातू, ओनिस, सँतोंज, पेर्श अशा वेगवेगळ्या प्रांतांतून माणसं आली. १६६३ ते १६७३ या काळात राजाने स्वतःच्या खर्चाने सुमारे ७७० लग्नाच्या मुली पाठवल्या, त्यांना राजाच्या मुली म्हणतात. आता प्रश्न असा की फ्रान्समध्येच बहुसंख्य लोक पात्वा बोलत असताना कॅनडात शेतकऱ्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे फ्रेंच कसे काय बोलायला लागले, तेही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत फ्रेंच पोचायच्या शंभर-दीडशे वर्षं आधी? कारण ते तसे बोलत होते याला साक्षीदार आहेत. १७२० च्या सुमारास तिकडे फिरलेला जेझुइट पाद्री शार्लव्ह्वा म्हणतो की इतकी शुद्ध फ्रेंच दुसरीकडे कुठे नाही, स्वीडनचा निसर्गअभ्यासक पेर काल्म १७४९ मध्ये गेला तर माँट्रियलच्या बायका त्याच्याच फ्रेंचला हसल्या, आणि फ्रेंच लष्करी अधिकारी बूगँव्हीलने १७५७ मध्ये तिथल्या लोकांचा उच्चार पॅरिसच्या तोडीचा ठरवला.

यावर मुख्य मतं दोन. पहिलं मत जुनं आहे, अ‍ॅद्ज्युतॉर रिव्हारने १९१४ मध्ये साधारण याच दिशेने मांडणी केली होती, पण त्याला नव्याने धार आली ती फिलिप बार्बो यांच्या १९८४ च्या अभ्यासाने. त्यांच्या मते आलेल्यांतले बरेच जण पात्वाच बोलणारे होते, कॅनडात या बोलींची टक्कर झाली आणि फ्रेंच जिंकली ती बायकांमुळे, कारण राजाच्या मुलींतल्या पुष्कळ जणी पॅरिसकडच्या, त्यांना फ्रेंच येत होती, आणि पोरं आईची भाषा उचलतात, त्यामुळे एक-दोन पिढ्यांत पात्वा मावळल्या. दुसरं मत अ‍ॅसलँ आणि मॅक्लॉकलिन यांनी १९८१ पासून मांडलं, क्लोद प्वारिए वगैरेही थोड्या फरकाने याच बाजूचे. ते म्हणतात की टक्कर झालीच नाही, कारण स्थलांतर करणारा माणूस सरासरी खेडूत नव्हता. बरेचसे बंदरांतले, शहरांतले, कारागीर, सैनिक, जहाजावर चढायच्या आधी काही काळ ला रोशेलसारख्या ठिकाणी काढलेले, म्हणजे त्यांना कुठल्या ना कुठल्या प्रकारची बोलीभाषेतली फ्रेंच आधीच येत होती, आणि फ्रेंच वसाहतवाल्यांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं असं सांगणारा त्या काळातला ठोस पुरावाही मिळत नाही. आँरी विटमन तर आणखी पुढे जाऊन म्हणतात की ही मिसळलेली भाषा कॅनडात झालीच नाही, ती पॅरिसमध्येच तयार होऊन बाहेर पडली. म्यूझों आणि बेनियाक यांनी १९९४ मध्ये या वादावरचे लेख एकत्र आणले, त्यानंतर वाद संपला नाही पण आवाज कमी झाला. बार्बोंचा बायकांचा मुद्दा सुटसुटीत आहे आणि लोकांना आवडतोही, पण एकूण बघता दुसऱ्या बाजूचं पारडं थोडं जड वाटतं, कारण क्वेबेक फ्रेंचमधल्या बहुतेक खास गोष्टी सतराव्या शतकातल्या पॅरिसच्या साध्या लोकांच्या बोलण्यात सापडतात, एखाद्या प्रांतापुरत्या फार कमी आहेत.

उदाहरणार्थ ‘मी’ या अर्थाचा शब्द आज पॅरिसला ‘म्वा’ आणि क्वेबेकच्या घरगुती बोलण्यात ‘म्वे’. हा ‘म्वे’ गावंढळ समजला जातो पण जुन्या राजवटीत दरबारातसुद्धा ‘वे’ हाच उच्चार चांगला मानत होते, ‘वा’ हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा. क्रांतीनंतर तिकडे ‘वा’ प्रतिष्ठित झाला, आणि १७६३ च्या तहाने कॅनडा इंग्रजांकडे गेलेला असल्याने ही बातमी इकडे पोचलीच नाही म्हणा ना. म्हणून एकोणिसाव्या शतकातले प्रवासी अचानक कॅनडाच्या उच्चारांना नावं ठेवायला लागतात.

सगळंच असं सुटत नाही. इ आणि यू या स्वरांच्या आधी त चा ‘त्स’ आणि द चा ‘द्झ’ होणं (म्हणजे ‘तू’ ला ‘त्सू’) ही क्वेबेकची पक्की ओळख, पण हे नेमकं कुठून आलं यावर एकमत नाही. अकादीत, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याच्या जुन्या फ्रेंच वस्तीत, हे पारंपरिकरीत्या नाही, त्यावरून एक तर ते सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातच घडलं असावं किंवा अकादीला न गेलेल्या लोकांबरोबर आलं असावं. प्रश्न विचारताना क्रियापदामागे ‘त्सू’ लावणं, जे आपल्या वाक्याच्या शेवटच्या ‘का’ सारखं काम करतं, ते मात्र फ्रान्सच्या बोलीतल्या ‘ती’ पासून आलं हे बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. ते सर्वनाम नाही, त्यामुळे ‘तू येतोस’ मध्ये एक ‘तू’ असतानाही दुसरा लागतो आणि नवख्याला दोनदा ‘तू’ ऐकू येतं. कॅनडाच्या पीआरसाठी (म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्यासाठी) पुण्या-मुंबईत क्लास लावून पॅरिसची फ्रेंच शिकलेल्यांचा माँट्रियलमध्ये गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

शिव्या हा स्वतंत्र विषय. फ्रान्समध्ये शिव्या शरीरावरून, क्वेबेकमध्ये चर्चमधल्या वस्तूंवरून, ‘ताबारनाक’ म्हणजे मुळात वेदीवरची प्रसादाची पेटी. इंग्रजांच्या काळात कारखाने-व्यापाराची भाषा इंग्रजी झाल्यामुळे इंग्रजी शब्द भरपूर शिरले, आणि माँट्रियलच्या कामगारवस्तीतल्या बोलीला ‘ज्वाल’ म्हणून हिणवायला लागले (‘शव्हाल’ म्हणजे घोडा, त्याचा बिघडलेला उच्चार), आँद्रे लॉरँदोने १९५९ मध्ये यावर लिहिल्यावर वाद पेटला, तर १९६८ मध्ये मिशेल त्राँब्लेंनी पूर्ण नाटकच या बोलीत रंगमंचावर आणलं. २६ ऑगस्ट १९७७ च्या कायदा १०१ ने सरकार, नोकरी, दुकानांच्या पाट्या सगळीकडे फ्रेंच आली. फ्रान्समध्ये रस्त्यावर ‘स्टॉप’ लिहिलेलं चालतं, क्वेबेकमध्ये ‘आरे’. ईमेलला ‘कूरिएल’ हा तिकडचा शब्द फ्रान्सने २००३ मध्ये सरकारी वापरासाठी उचलला.

अकादी आणि लुइझियाना

अकादीतल्या लोकांना इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून दिलं, त्यातले काही फिरत फिरत अमेरिकेतल्या लुइझियानाला पोचले, तेच केजन. न्यू ब्रन्सविक हा आज कॅनडातला एकमेव ऑफिशियली द्विभाषिक प्रांत (१९६९ पासून), तिथल्या माँक्टनकडची तरुण मुलं फ्रेंच-इंग्रजी मिसळून ‘शियाक’ बोलतात. लुइझियानात १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केली, दोन पिढ्यांत फ्रेंच घसरली, १९६८ मध्ये ती टिकवायला सरकारी मंडळ निघालं.

बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि आकड्यांचा प्रश्न

इथली फ्रेंच पॅरिसच्या खूप जवळची आहे, फरक शब्दांत. मोबाइलला फ्रान्समध्ये ‘पोर्ताब्ल’, बेल्जियममध्ये ‘जे-एस-एम’, स्वित्झर्लंडमध्ये ‘नातेल’ आणि क्वेबेकमध्ये ‘सेल्युलेर’. पण सगळ्यांना माहीत असलेला फरक आकड्यांचा. फ्रान्समध्ये ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० ला ‘सेप्ताँत’, ९० ला ‘नोनाँत’, आणि व्हो, व्हॅले, फ्रीबूर या स्विस कँटनांत (म्हणजे प्रांतांत) ८० ला ‘उइताँत’ (जिनिव्हात आणि बेल्जियममध्ये मात्र चार-वीसच). काँगो, रवांडा, बुरुंडीतही सेप्ताँत-नोनाँत पोचले, बेल्जियमची सत्ता होती म्हणून.

विसांनी मोजायची ही पद्धत आली कुठून? शाळेत सांगतात की गॉल लोकांकडून, म्हणजे केल्टिक भाषांतून, कारण ब्रेटन आणि वेल्शमध्ये तसंच आहे. पण लॅटिन भाषा रुजून हजारेक वर्षं झाल्यावर, मध्ययुगातच हे लेखी का दिसायला लागतं, याचं उत्तर या मतात नीट मिळत नाही. काहींनी नॉर्मन लोकांकडे बोट दाखवलंय (डॅनिशमध्येही विसांची मोजणी आहे). तिसरं मत असं की कुठून यायची गरजच नाही, बाजारात मोजताना लोक आपोआप विसाचे गठ्ठे करतात. आपल्याकडे खेड्यात जुनी माणसं ‘चार इसा’ म्हणायची ते बघता हे तिसरं मत सहज झटकता येत नाही. एक नक्की, ही मोजणी एकेकाळी आणखी वर जायची, पॅरिसला तेराव्या शतकात नवव्या लुईने ३०० अंधांसाठी काढलेल्या संस्थेचं नाव आजही ‘पंधरा-वीस’ असंच आहे.

बाहेरचे लोक पॅरिसच्या मागे असतात असं नाही. बाईच्या हुद्द्याला स्त्रीलिंगी रूप वापरायची शिफारस क्वेबेकच्या भाषा कार्यालयाने १९७९ मध्ये केली, बेल्जियमच्या फ्रेंच भागाने १९९३ मध्ये त्यासाठी कायदाच केला, आणि फ्रेंच अकादमीने हरकत नाही म्हटलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये.

आफ्रिका

आफ्रिकेत फ्रेंच आली शाळेतून आणि सैन्यातून, आणि या दोन वाटांनी वेगवेगळी भाषा आली. सैनिकांसाठी फ्रेंच लष्कराने १९१६ मध्ये एक छोटी पुस्तिकाच छापली, तीत क्रियापदं न चालवलेली मोडकी फ्रेंच नियम म्हणून शिकवली होती, आणि नंतर तीच मोडकी भाषा आफ्रिकी माणसाची चेष्टा करायला वापरली गेली. आयव्हरी कोस्टमध्ये सगळ्यांना जोडणारी एक मोठी स्थानिक भाषा नसल्यामुळे फ्रेंच रस्त्यावर उतरली, आबिजानला भेटल्यावर लोक ‘आँ दी क्वा?’ म्हणजे काय म्हणताय, असं विचारतात, आणि १९७०-८० च्या सुमारास तिथे पोरांची ‘नूशी’ ही बोली तयार झाली, तिच्यातला मजा करणे या अर्थाचा ‘साँजायी’ आता पॅरिसमध्येही ऐकू येतो. सेनेगलमध्ये बहुतेक सगळे वोलोफ बोलतात म्हणून फ्रेंच ऑफिसापुरती राहिली, तरी पेट्रोलपंपाला ‘एसाँसरी’ हा नेटका शब्द त्यांचाच. कॅमेरूनमध्ये इंग्रजीही ऑफिशियल, त्यामुळे ‘कॅमफ्राँगले’, म्हणजे फ्रेंच-इंग्रजी मिसळलेली बोली. अल्जीरियात बेकार तरुणाला ‘हितिस्त’ म्हणतात, भिंतीसाठीचा अरबी शब्द आणि त्याला फ्रेंच प्रत्यय, म्हणजे दिवसभर भिंतीला टेकून उभा राहणारा.

आमादू कुरुमा या आयव्हरी कोस्टच्या लेखकाने मालिंके भाषेच्या वळणाने फ्रेंच लिहिली तर फ्रान्सच्या प्रकाशकांनी त्याची पहिली कादंबरी नाकारली, १९६८ मध्ये ती माँट्रियलला छापली गेली आणि पॅरिसला १९७० मध्ये आली. आफ्रिकेतल्या खास शब्दांचा मोठा कोश १९८३ मध्ये झाला, आणि सगळ्या देशांचे शब्द एकाच पातळीवर ठेवणारा फ्रँकोफोनांचा ऑनलाइन कोश मार्च २०२१ मध्ये सुरू झाला. राजकारण उलट्या दिशेने चाललंय: मालीने २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचचा ऑफिशियल दर्जा काढला, बुर्किना फासोनेही तसंच केलं, आणि मार्च २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो, नायजर तिघेही फ्रँकोफोनी संघटनेतून बाहेर पडले.

हिंदी महासागर आणि भारत

मॉरिशसमध्ये संसदेची भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्ये बोलता येतं, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि घरात क्रिओल. एकोणिसाव्या शतकात कोकणातून वगैरे मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही आज घरी प्रामुख्याने क्रिओल बोलतात. भारतात पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम ही फ्रेंचांची ठिकाणं १ नोव्हेंबर १९५४ ला प्रत्यक्षात आणि १६ ऑगस्ट १९६२ ला कायद्याने भारतात आली. १९५६ च्या करारातल्या २८ व्या कलमाप्रमाणे, लोकप्रतिनिधी वेगळं ठरवत नाहीत तोवर फ्रेंच तिथली ऑफिशियल भाषा राहणार असं ठरलं होतं. कारभार तमिळ (माहेत मल्याळम, यानममध्ये तेलुगू) आणि इंग्रजीतच चालतो, फ्रेंच उरलीय ती फ्रेंच नागरिकत्व ठेवलेल्या तमिळ कुटुंबांत आणि काही शाळांत.