सकाळी दहा, दुपारी आठ

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीजं काढून झाली की जोडप्याला आकडा कळतो : दहा मिळाली. काही तासांनी प्रयोगशाळा सांगते, बीजात सुईने शुक्राणू सोडायला, म्हणजे इंजेक्शनला, आठच चालतील. दोन गेली कुठे? गेली नाहीत. सकाळी ती पक्व आहेत की नाहीत हे खात्रीने सांगताच येत नव्हतं.

बीजकोशातल्या द्रवाबरोबर स्त्रीबीज एकटं येत नाही. त्याच्याभोवती क्युम्युलस पेशींचा चिकट, फुललेला थर असतो. बीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं, पण थरासकट तो पुंजका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. साध्या आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज आणि शुक्राणू बशीत एकत्र ठेवण्याच्या पद्धतीत, थर तसाच ठेवतात आणि शुक्राणू त्यातून वाट काढतात. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी ज्या पद्धतीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, त्या 'इक्सी'त मात्र एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. तिथे थर उतरवावाच लागतो.

हे काम हायल्युरॉनिडेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) सुरू होतं. पेशींना धरून ठेवणारं हायल्युरॉनिक आम्लाचं जाळं ते तोडतं. (शुक्राणूच्या डोक्यावरही याच जातीचं विकर असतं, प्रयोगशाळेने युक्ती त्याचीच उचलली आहे.) बीजं त्यात साधारण अर्धा मिनिटच ठेवतात, कारण विकराचा जास्त संपर्क बीजाला मानवत नाही. मग ती स्वच्छ द्रावणात घेऊन बारीक पिपेटमधून आत-बाहेर करतात. आधी रुंद तोंडाची पिपेट, नंतर बीजापेक्षा किंचितच मोठ्या तोंडाची. बीजाच्या बाहेरच्या कवचाला चिकटलेल्या शेवटच्या पेशी सहजी सुटत नाहीत, आणि खरं कौशल्य इथेच आहे : दोन-चार पेशी राहिल्या तर राहू द्याव्यात. त्या काढायच्या हट्टापायी पिपेट अरुंद घेतली, तर बीज चेपतं, कधी फुटतंही.

हात सावकाश चालवायचा, पण वेळ दवडायचा नाही. बीजातली गुणसूत्रं ज्या तंतूंच्या चातीवर मांडलेली असतात, ती चाती गारव्याने विस्कटते. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा मंचही तापवलेला असतो, बीजाला ३७ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी. इनक्युबेटरबाहेर द्रावणाचा सामूही (पीएच) बदलू लागतो, ती काळजी वेगळीच.

थर उतरला की बीज पहिल्यांदा स्वच्छ दिसतं. आत मोठं केंद्रक दिसलं तर ते कच्चं. केंद्रक नाही, पण कवचाखाली छोटा गोळाही नाही, तर अर्धवट पिकलेलं. तो गोळा, म्हणजे पोलर बॉडी, दिसला की बीजाने आपल्या गुणसूत्रांचा अर्धा वाटा बाहेर टाकलेला असतो, ते पक्व. इंजेक्शन द्यायचं ते अशाच बीजांना. दहातली सात-आठ पक्व निघणं नेहमीचंच आहे. अर्धवट पिकलेली काही बीजं पुढच्या काही तासांत पक्व होतात, पण त्यांच्याकडून यश कमी मिळतं.

इंजेक्शनच्या वेळीही हा गोळा उपयोगी पडतो. गुणसूत्रांची चाती बहुधा त्याच्या जवळपास असते. म्हणून बीज फिरवून गोळा घड्याळाच्या बाराच्या किंवा सहाच्या जागी आणतात आणि सुई तीनच्या बाजूने घालतात.