क्लच आणि अ‍ॅक्सल केव्हा बदलावेत : जुन्या गाडीच्या मालकांसाठी

क्लच किती किलोमीटरनंतर बदलावा, असे ग्राहक नेहमी विचारतात. परंतु त्याला एक ठरावीक आकडा नाही. द्रुतगती मार्गावर धावणारी गाडी आणि रोज संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीत हाफ क्लचवर (पेडल अर्धे दाबून) सरकणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे असले, तरी क्लच प्लेटची झीज सारखी नसते.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढत असेल, पण गाडी त्या मानाने वेग घेत नसेल, तर क्लच घसरतो आहे. तरीही क्लच बदलण्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवू नये. केबलच्या क्लचमध्ये पेडलला मोकळी चाल (क्लच सुटू लागण्याआधी पेडल सैल दाबले जाते तेवढे अंतर) उरली नसेल, तर चांगली प्लेटसुद्धा घसरते, आणि ते काम केबल जुळवून भागते. गाडी उचलताना बसणारा हिसकाही पुष्कळदा क्लचचा नसून इंजिन माउंटिंगचा (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांचा) असतो.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर मात्र काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे, आणि फ्लायव्हील (प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनाचे जड चाक) व क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑईल सील त्याच वेळी तपासून घ्यावे, कारण गळणाऱ्या सीलचे ऑईल नव्या प्लेटवर आले की सगळा खर्च वाया जातो.

अ‍ॅक्सलच्या बाबतीत आमचा सल्ला नेमका उलट आहे. अ‍ॅक्सलच्या चाकाकडच्या जॉइंटवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीस उडाले असेल, पण आवाज येत नसेल, तर जॉइंट धुऊन नवे ग्रीस आणि नवा बूट पुरेसा होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक ऐकू येऊ लागली, की जॉइंट झिजलेला असतो व केवळ बूट बदलून उपयोग नसतो. चिखलपाणी आत जाण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच, बूट पाहून घ्यावेत.

नोंदणीची १५ वर्षे संपत आली असून नूतनीकरण करायचे नसल्यास तसे आधी सांगावे. त्यानुसार काही कामे टाळता येतात. घसरणारा क्लच मात्र त्यांत बसत नाही, कारण तो दिवे घाटाच्या चढावर, भरल्या गाडीतच दगा देण्याची शक्यता अधिक असते.