सुपरहिरो पिक्चरचा कंटाळा कुठनं सुरू झाला: बेळगाव-निपाणीकडनं बघितलेली पार्श्वभूमी

आयर्न मॅन कोण, थॅनोसनं काय केलं हे इथं सांगत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न एवढाच की एप्रिल २०१९ मध्ये मार्व्हलच्या ज्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' पिक्चरसाठी बेळगाव, चिकोडी, खानापूरकडची पोरं पहिल्या शोचं तिकीट मिळावं म्हणून मोबाईल धरून बसलेली, निपाणीची पोरं तर कोल्हापूर गाठत होती, तीच पोरं चार-साडेचार वर्षांत नवीन कुठला आलाय एवढंही विचारेनाशी कशी झाली. याला सगळीकडं 'सुपरहिरोचा कंटाळा' असं सरसकट नाव देऊन टाकतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. आमच्या आधीच्या पिढीनं मराठी इंद्रजाल कॉमिक्समधनं वेताळ (म्हणजे फँटम) वाचला, १९९७ पासनं दूरदर्शनवर शक्तिमान आला, तिकडं अमेरिकेत १९८० च्या दशकातच सगळे हिरो एका कथेत कोंबायचे मोठमोठे कॉमिक्स निघायला लागलेले. एक गोष्ट पूर्ण कळायला दहा वेगवेगळी पुस्तकं घ्या असा प्रकार वाढत गेला, त्यात सट्टा म्हणून कॉमिक्स साठवून ठेवणारे घुसले, शेवटी बाजार कोसळला आणि मार्व्हलनं, तेव्हा ती कॉमिक्सचीच कंपनी होती, डिसेंबर १९९६ ला दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे जे आत्ता पिक्चरचं झालं ते कागदावर एकदा होऊन गेलेलं आहे, पण हे कुणी फारसं आठवत नाही.

२००८ ला आयर्न मॅनच्या पाट्या संपल्यावर तो छोटासा सीन आला तिथनं पिक्चर एकमेकांना जोडायची सुरुवात झाली, २०१९ पर्यंत २३ पिक्चर झाले. आमच्याकडं हे सगळं बहुतेकांनी हिंदीत बघितलं. एंडगेम भारतात इंग्रजी, हिंदी, तामिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. कन्नडचं कारण वेगळं होतं, कर्नाटकात १९६० च्या दशकापासनं डबिंगला तिथल्या इंडस्ट्रीचा विरोध होता, कायदा नव्हता पण कुणाची हिंमत होत नव्हती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं या बंदीच्या विरोधात निकाल दिला, तरी गाडी हळूहळूच हलली, मार्व्हलचे कन्नड डब दिसायला लागले ते २०२१-२२ च्या सुमारास. त्यामुळं बेळगावात मराठी पोरं आणि कन्नड पोरं एकाच हिंदी शोला शेजारी बसून शिट्ट्या मारायची, भाषेवरनं एरवी जे काय चालतं ते त्या तीन तासांत नसायचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते म्हणून मुद्दाम लिहितोय. यातलं महत्त्वाचं असं की तोपर्यंत सगळी गोष्ट थेटरात सांगितली जायची. मधला एखादा पिक्चर चुकला तर टीव्हीवर हिंदीत कधीतरी लागायचा, मित्र सांगायचा, काम भागायचं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे २०२०-२१ चा निर्णय. लॉकडाऊनमध्ये थेटरं बंद, मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नी कंपनीचं नवीन ओटीटी अ‍ॅप वाढवायचं होतं, डिसेंबर २०२० मध्ये गुंतवणूकदारांसमोर एकाच बैठकीत पुढच्या काही वर्षांत मार्व्हलच्या सुमारे दहा सिरीज येणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेअर चढला. निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की थेटरच बंद असताना दुसरं करणार काय, आणि त्यात तथ्य आहे. पण सिरीज काढणं वेगळं आणि पिक्चरची गोष्ट कळायला सिरीज बघणं सक्तीचं करणं वेगळं, हा फरक त्या वादात कायम गाळला जातो. जानेवारी २०२१ ते २०२२ अखेर सात पिक्चर, आठ सिरीज आणि दोन स्पेशल आले, म्हणजे आधीच्या अकरा वर्षांत जेवढे तास बघितले जवळपास तेवढेच तास दोन वर्षांत.

मे २०२२ चा दुसरा डॉक्टर स्ट्रेंज घ्या. एंडगेममध्ये आपल्या बाजूनं लढलेली वांडा इथं सगळ्यांना मारत सुटलीय, माझी पोरं माझी पोरं करतीय, आणि ती पोरं आली कुठनं याचं खरं उत्तर २०२१ च्या सिरीजमध्ये. फक्त थेटरात जाणाऱ्या माणसाला ते कळणार कसं? पैसे देऊन आत बसलेल्याला बाहेरचा असल्यासारखं वाटायला लावलं की हो. घरच्या बायकांची रोजची सिरियल चार आठवडे चुकल्यावर होतं तसंच झालं, फक्त तिथं मागचं काय झालं ते सांगणारी शेजारीण असते.

त्यात आपल्याकडची एक गोष्ट आहे जी अमेरिकेतल्या लेखांत तुम्हाला सापडणार नाही. हॉटस्टार, म्हणजे डिस्नीचं भारतातलं अ‍ॅप, इथल्या बऱ्याच घरांत घेतलं होतं ते आयपीएलसाठी, मार्व्हल त्याच्याबरोबर आपोआप मिळायचं. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे डिजिटल हक्क दुसऱ्या कंपनीकडं गेले, २०२३ ची स्पर्धा दुसऱ्या अ‍ॅपवर फुकट दिसली, हॉटस्टारचे कोट्यवधी सबस्क्रायबर गेले. क्रिकेट गेलं तसं अ‍ॅप गेलं आणि अ‍ॅपबरोबर गोष्टीचा अर्धा धागा गेला. नोव्हेंबर २०२३ ला ऐन दिवाळीत 'द मार्व्हल्स' आला, त्यात तीन नायिका, एक २०१९ च्या पिक्चरमधली आणि दोघींची ओळख सिरीजमधनं करून दिलेली. दोनच दिवसांत टायगर ३ आला. जगभरात 'द मार्व्हल्स'ची कमाई २० कोटी डॉलरच्या थोडी पुढं जाऊन थांबली, मार्व्हलच्या साखळीतला सगळ्यात कमी आकडा. एंडगेमचा आकडा २८० कोटी डॉलरच्या आसपास होता.

कंटाळा सुपरहिरोचा असता तर डिसेंबर २०२१ च्या स्पायडरमॅनला १९० कोटी डॉलर कसे मिळाले? तेव्हा महाराष्ट्रात थेटरं निम्म्याच सीटांवर चालू होती, कर्नाटकात पूर्ण उघडलेली, तरीही देशात २०० कोटींच्या वर धंदा झाला. त्यात जुने दोन स्पायडरमॅन होते आणि ते लोकांनी २००२ पासनं बघितलेले, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यायला लागत नव्हतं. २०२४ च्या डेडपूल-वुल्व्हरिनचंही तेच, १३० कोटी डॉलरच्या पुढं. डीसीवाल्यांची, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाल्यांची, २०१३ पासनची साखळी डिसेंबर २०२३ ला गुंडाळली गेली त्याची कारणं वेगळी आहेत, तिथं दर दोन वर्षांनी दिशाच बदलत होती.

शिवाय लोकांना दुसरं काहीतरी मिळालं. एप्रिल २०२२ ला केजीएफचा दुसरा भाग आला, सप्टेंबरात कांतारा, आणि आमच्या भागात ते मूळ कन्नडमध्ये लागले, मराठी घरातली पोरंही कन्नड शोला जाऊन बसली कारण बाजारात, कॉलेजात कानावर पडून भाषा येतेच. मराठी पिक्चरला सीमाभागात स्क्रीन मिळायची मारामार आजही आहे, ती वेगळी तक्रार आणि ती व्हायलाच पाहिजे, पण मार्व्हलची जागा कुणी घेतली म्हणाल तर आधी कन्नडनं घेतली.

डिस्नीच्या प्रमुखांनी जुलै २०२३ मध्ये कबूल केलं की सिरीज वाढवल्यामुळं लक्ष विभागलं गेलं, मे २०२४ ला वर्षाला दोन सिरीज आणि दोन, फार तर तीन पिक्चर असं ठरलं. २०२५ च्या जुलैत 'फँटॅस्टिक फोर' आला, आधीचं काहीच बघायला लागत नाही असं सांगतच आला. त्याच शुक्रवारी 'महावतार नरसिम्हा' हा ॲनिमेशन पिक्चर कन्नड, हिंदीसकट पाच भाषांत लागला आणि भारतात त्यानं फँटॅस्टिक फोरला कितीतरी मागं टाकलं, २०० कोटींच्या वर गेला. प्रल्हादाची गोष्ट आजीनं सांगितलेली, सगळ्यांना आधीच माहीत. पण त्याच्याही निर्मात्यांनी २०३७ पर्यंत विष्णूच्या अवतारांवर सात पिक्चरची साखळी जाहीर केलेली आहे. ते प्रत्येक पिक्चर आपल्या पायावर उभा ठेवतात का, की तिथंही आधीचं बघून या म्हणायला लागतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या भागात दिसेल. मार्व्हलनं पुढचा अ‍ॅव्हेंजर्स १८ डिसेंबर २०२६ ला ठेवलाय, जुने कलाकार परत आणलेत, आणि खानापूर-निपाणीतल्या ग्रुपवर आत्तापासनं एकच विचारणा चालू आहे, त्याच्या आधी किती बघायला लागतंय.