अमेरिकेत एकट्याने आलेल्या मुलांसाठी ‘स्पेशल इमिग्रंट ज्युवेनाइल’ दर्जा : अर्ज नेमका कुठे अडतो

आई-वडिलांविना अमेरिकेत पोहोचलेल्या अल्पवयीन मुलाला ग्रीन कार्डापर्यंत (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यापर्यंत) नेणारा हा मार्ग १९९० च्या कायद्याने खुला झाला. २००८ च्या दुरुस्तीनंतर दोघांपैकी एकाच पालकाने छळ केला, हेळसांड केली किंवा मुलाला टाकून दिले असले, तरीही अर्ज करता येतो. आई सोबत राहते म्हणून आपण पात्र नाही, हा समज चुकीचा आहे.

अर्जदार अविवाहित, अमेरिकेत हजर आणि आय-३६० अर्ज (या दर्जासाठी इमिग्रेशन विभागाकडे करायचा अर्ज) दाखल होण्याच्या दिवशी २१ वर्षांखालील असावा लागतो. खरी फसगत इथेच होते. या अर्जाआधी राज्याच्या न्यायालयाचा आदेश लागतो, आणि अनेक राज्यांत बालकांविषयीचे न्यायालय १८ वर्षांनंतर नवे प्रकरण हाती घेत नाही. त्यामुळे २१ हा आकडा वाचून निर्धास्त राहिलेल्या मुलाची संधी कधीकधी अठराव्या वाढदिवशीच संपते. आपल्या राज्यातील मर्यादा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावी.

न्यायालयाच्या आदेशात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : मूल न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आहे, एका किंवा दोन्ही पालकांकडे परतणे छळ, हेळसांड, त्याग वा तत्सम कारणाने शक्य नाही, आणि मायदेशी परत पाठवणे मुलाच्या हिताचे नाही. कायद्यातील शब्द नुसते उतरवलेला, घडलेल्या गोष्टींचा उल्लेख नसलेला आदेश इमिग्रेशन विभागाला पुरेसा वाटत नाही. मग पुराव्याची मागणी करणारी नोटीस येते आणि आधीच खचलेल्या मुलाला तेच दुःख पुन्हा सांगावे लागते, जे आदेश लिहितानाच काळजी घेतली तर टाळता येते.

जन्मदाखला नसला, तरी वय सिद्ध करणारा दुसरा विश्वासार्ह पुरावा देता येतो. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे.

आय-३६० अर्जावर कायद्याने १८० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. पण मंजुरी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. व्हिसाची रांग मोठी असल्याने ग्रीन कार्डाचा पुढचा अर्ज आपला क्रमांक आल्यावरच करता येतो. मंजुरीआधी विवाह केल्यास पात्रता जाते. या दर्जावर आई-वडिलांना, अगदी निर्दोष पालकालाही, पुढे कधीच ग्रीन कार्डासाठी प्रायोजित करता येत नाही, हे कुटुंबाला सुरुवातीलाच सांगावे.

हद्दपारीचा खटला चालू असेल, तर हा अर्ज केल्याने तो आपोआप थांबत नाही, आणि सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही तिथे नाही. घर बदलल्यास इमिग्रेशन न्यायालयाला पाच कामकाजाच्या दिवसांत नवा पत्ता कळवावा, कारण जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस न मिळाल्याने सुनावणी चुकली, तर मुलाच्या गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो.